पडवीतली चूल

गिरणी संपाची गोष्ट सांगणारे लोक ती लालबाग-परळपर्यंतच सांगतात. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी म्हटलंच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, धुराडी पडली, मॉल उभे राहिले. गोष्ट तिथं संपते. पण चाळीतून ट्रंक उचलून निघालेला माणूस पुढं कुठं गेला? पुष्कळ जण आपापल्या गावी गेले. गावात त्यांना जागा कुणी करून दिली, हे मात्र कुणी विचारत नाही.

आम्ही 1983 च्या मे महिन्यात कर्जत स्टेशनवर उतरलो. एक ट्रंक, दोन वळकट्या, स्टोव्ह, आईच्या हातात देवांचं गाठोडं आणि आम्ही तीन भावंडं. मी दहा वर्षांचा होतो. मुंबईपासून कर्जत शंभर किलोमीटर. लोकलनं दोन-सव्वादोन तास. रत्नागिरीच्या माणसाला हे अंतर म्हणजे गंमत वाटेल. पण बाबांना ते पार करायला तीस वर्षं लागली होती.

आमच्या मुलखाचं मुंबईशी नातं जुनं. रेल्वे 1856 मध्येच खोपोलीपर्यंत आली, आणि 1863 मध्ये बोरघाट चढून थेट पुण्याकडे जाऊ लागली. 1915 मध्ये टाटांचं वीजघर खोपोलीला सुरू झालं. लोणावळा-वळवणच्या धरणांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली यायचं आणि त्यावर केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. पुढं 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर झालं. म्हणजे खालापुरात एक नि कर्जतेत एक. आईचं माहेर खोपोलीजवळचं. बाबा तिला म्हणायचे, "तुमच्या डोंगरातलं पाणी फिरवतंय माझे साचे." ते साळखात्यात होते.

सकाळी सातची पाळी असल्यावर गावाहून रोज येणं-जाणं जमत नाही. म्हणून बाबा आधी गाववाल्यांच्या गाळ्यात राहिले, खानावळीत जेवले, आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दहा बाय बाराची खोली मिळाली तेव्हा आईला घेऊन गेले. गावी थोरले काका, म्हणजे नाना, आणि काकी. दर महिन्याला मनिऑर्डर जायची. पत्त्यात जिल्हा कुलाबा लिहायचे. 1981 मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तरी बाबांचा हात कुलाब्यावरच जायचा.

पगार बंद झाल्यावर बाबांनी वर्षभर कळ काढली. आईनं डूल मोडले, मग पातळांच्या घड्या दुकानातून आणून घरोघर विकल्या. शेवटी नानांचं पत्र आलं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं: पाऊस पडायच्या आत या.

पोचलो त्या संध्याकाळी काकीनं भाकऱ्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "पडवी मोकळी हाय. चूल मांड तिथं. दोघींचा धूर एका घरात नको." तेव्हा मला ते तोडून बोलल्यासारखं वाटलं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला चूल मांडून देत नाहीत, चूल मांडायला सांगितली म्हणजे राहायला सांगितलं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं गेली.

खरा प्रश्न जमिनीचा होता. आजा सावकाराचं कूळ. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं कसणारा मालक झाला, आणि पुढं रीतसर किंमत भरून जमीन आज्याच्या नावावर लागली. आजा गेल्यावर सातबाऱ्यावर नानांचं नाव चढलं, पुढं 'ए. कु. मॅ.'. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्याचा अर्थ. बाबांचा हिस्सा कायद्यानं होता, कागदावर दिसत नव्हता. बाबांनी मनिऑर्डरीच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. बैलजोडी त्याच पैशांतली. नानांच्या हातावर मात्र तीस वर्षांचे घट्टे होते. राब त्यांनी भाजले, बांध त्यांनी घातले. एकानं पैसे धाडले, एकानं जमीन राखली. याचा हिशेब कुठला तलाठी करणार?

पहिल्या लावणीत बाबांना चिखलात धड उभंही राहता येईना. पोरं हसायची. नाना हसले नाहीत. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी बाबांनी डबा बाहेर काढला. नाना म्हणाले, "ठेव तो आत. भिजाची दोन खाचरं तुझी. वरकस मागनं बघू." पुढं दोघं तलाठ्याकडे गेले आणि वाटणीचा फेरफार झाला.

भिजाचं खाचर म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं आणि राजनाला कालव्यानं शेतात फिरतं. पावसाचं भात सगळ्यांनाच, पण राजनाल्याखाली उन्हाळी भातही होतं. बाबांचे साचे थांबले, पण ज्या डोंगराच्या पाण्याची वीज मुंबईला जायची, ते पाणी खाली येतच राहिलं. 1984 चं उन्हाळी भात आम्ही त्याच्यावर काढलं. त्या वर्षी आम्ही तगलो ते त्या दोन खाचरांवर.

पण नानांकडे भिजाची खाचरं होती तीनच. दोन आम्हाला आली म्हणजे त्यांच्याकडे एक उरलं. त्या उन्हाळ्यात काकी मजुरीला जायला लागली. घर, गुरं आणि धाकटा भाऊ सांभाळायला ताई, म्हणजे माझी चुलत बहीण, घरी राहिली. ती सातवीत होती. शाळा पुन्हा उघडली तेव्हा ती गेली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुढं कर्जतच्या हायस्कुलात गेलो, नोकरीला लागलो.

हे मी चाळीस वर्षं जोडून पाहिलं नव्हतं. परवा तिच्या नातवाच्या बारशाला गेलो तेव्हा मीच विषय काढला. ती पोराला मांडीवर थोपटत होती. म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं झालं. मला सोबत मिळाली. शाळा तेवढी गेली." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या, तेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं माणसं चौक, खोपोली करत घाटाकडे चालत गेली. राज्यात कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. त्या गावांना सगळे नावं ठेवत होते, मीही ठेवली. मग पडवी आठवली. दार उघडणाऱ्याला आतली एक भाकर कमी करावी लागते, हे काट्या टाकणाऱ्यांना ठाऊक होतं. नाना-काकींनाही ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मास्तरांना बोलावून पत्र लिहवलं.

आता आमच्याकडे फार्महाऊसं झाली आहेत. माझ्या वयाचे लोक म्हणतात, रिटायर झालो की गावी जाऊन भावाजवळ राहणार. जरूर जावं. मीही जाणार आहे. फक्त जायच्या आधी माझ्या हिश्शाच्या दोन खाचरांतलं एक ताईच्या नावावर करायचं ठरवलंय. तलाठ्यानं विचारलं, "कशापोटी?" बक्षीसपत्र म्हणायला जीभ रेटेना. त्याला म्हटलं, "जुनं देणं आहे."