स्वभावाला औषध

मराठीत 'गळा कापणे' म्हणजे दगा देणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा वाक्प्रचार युरोपातील एखाद्या वैद्याला समजावून सांगितला असता, तर गलगंडावर शस्त्रक्रिया करणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंकडे त्याने मुकाट्याने बोट दाखवले असते. गळ्यात, श्वासनलिकेला मिठी मारून बसलेली थायरॉइड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती सुजली की गलगंड होतो, आणि सुजलेली ग्रंथी म्हणजे रक्ताने थबथबलेला स्पंज. तिला सुरी लावायची आणि मग रोगी आपल्या हातांत रक्तस्राव होऊन मेलेला पाहायचा, हा नेहमीचा अनुभव होता. पॅरिसच्या वैद्यक अकादमीने १८५० साली या शस्त्रक्रियेला मनाई केली, आणि १८६६ मध्ये ग्रॉस या नामांकित अमेरिकन शस्त्रवैद्याने तिची गणना खाटीककामात केली.

अशा काळात, १८७२ साली, स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर हा तरुण शस्त्रक्रियेचा प्राध्यापक झाला. त्या डोंगराळ मुलखात गलगंडाला तोटा नव्हता. खेड्याखेड्यांतून गळ्याला पिशव्या लोंबणारी माणसे दिसत, आणि त्यांच्यातच अधूनमधून खुजी, बहिरी-मुकी, बुद्धीने बाल्यातच राहिलेली माणसेही आढळत. त्यांना क्रेटिन म्हणत. कोखरची सुरी घाई जाणत नसे. एकेक रक्तवाहिनी शोधून, चिमट्यात धरून, बांधून तो पुढे सरके. लिस्टरची जंतुनाशक पद्धत त्याने मनापासून उचलली होती. कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्या हजारो शस्त्रक्रियांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले होते. खाटीककामाची त्याने कला केली. घोटाळा झाला तो नेमका याच कलेमुळे.

१८७४ च्या जानेवारीत त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड समूळ काढून टाकली. जखम सुरेख भरून आली आणि मुलगी घरी गेली. काही महिन्यांनी तिला पाठवणाऱ्या गावच्या डॉक्टरने, फेचरिनने, कोखरला कळवले की मुलीचा स्वभाव पार बदलला आहे. पूर्वीची आनंदी, चपळ पोर आता चिडखोर, कुरकुरी आणि सुस्त झाली होती. कामाला लावायचे तर बळजबरी करावी लागे. गावच्या एका साध्या डॉक्टरचे हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. जखमेबद्दल, तापाबद्दल कोणीही लिहिले असते. 'पोरीचा स्वभाव बदलला' ही शस्त्रवैद्याला कळवण्याजोगी बाब आहे, हे त्याला सुचले. परंतु त्या पत्राचा खरा अर्थ उलगडायला आणखी आठ-नऊ वर्षे जावी लागली.

१८८२ च्या सप्टेंबरात जिनीव्हाच्या एका परिषदेत झाक-लुई रेव्हरदँ हा शस्त्रवैद्य कोखरला भेटला. तो आणि त्याचा चुलतभाऊ ओग्यूस्त हेही गलगंड काढीत. संपूर्ण ग्रंथी काढलेले काही रोगी पुढे मंद आणि फिकट होतात, असे त्यांच्या नजरेस आले होते. कोखर बर्नला परतला आणि त्याने आपले जुने रोगी बोलावून घेतले. ती मुलगीही आली, आणि तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण. शस्त्रक्रियेपूर्वी दोघी इतक्या सारख्या दिसत की लोक गफलत करीत. आता धाकटी ऐन तारुण्यात आलेली, आणि थोरली तिच्याहून कितीतरी ठेंगणी, सुजलेल्या चेहऱ्याची, जाड जिभेची, जवळजवळ क्रेटिन. त्या दोघींना शेजारी शेजारी उभे पाहताना त्या काटेकोर माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही. ग्रंथी समूळ काढलेल्या चौतीस जणांपैकी अठरा जण पुन्हा तपासता आले. त्यांतल्या सोळा जणांची कमीअधिक हीच अवस्था होती. ज्यांच्या गळ्यात ग्रंथीचा तुकडा राहून गेला होता, ते मात्र ठणठणीत होते.

१८८३ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला जर्मन शस्त्रवैद्यांची परिषद भरली. तेथे कोखरने हे सारे आकड्यांनिशी सांगितले, आणि यापुढे संपूर्ण थायरॉइड काढू नये असे बजावले. अपयश झाकण्याचे मार्ग त्या काळीही पुष्कळ होते. त्याने ते चोखाळले नाहीत. मात्र अगोदर कोणाच्या लक्षात आले यावरून त्याचे आणि रेव्हरदँचे पुढे चांगलेच वाजले, आणि त्या वादात कोखरची बाजू मला तरी पडती वाटते. शिवाय त्याने दिलेले कारण साफ चुकीचे होते. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेला इजा होते, प्राणवायू कमी पडतो आणि म्हणून हे घडते, असे त्याला वाटत होते. त्या ग्रंथीला स्वतःचे काही काम असेल हे त्याच्या ध्यानीच आले नाही.

या कथेतली सर्वांत बोचरी टिप्पणी हॉल्स्टेड या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९२० साली केली. व्हिएन्नाचा बिलरॉथ धडाक्याने कापी, म्हणून त्याच्या हातून ग्रंथीचे कण मागे राहत आणि रोगी मंद होत नसत. उलट शेजारच्या चार चिमुकल्या ग्रंथी दुखावल्यामुळे काहींना आचके येत. कोखर नीटनेटका, म्हणून त्या चार सुखरूप राहत आणि थायरॉइड मात्र कणभरही उरत नसे.

अर्थाचा धागा जोडला गेला तो लंडनमध्ये. तेथे विल्यम गल याने १८७३ मध्येच काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले होते. पूर्वीचे त्यांचे चौकस, उत्साही मन हळूहळू एका सौम्य उदासीनतेत बुडून जाई. अंग सुजे, आवाज घोगरा होई. ऑर्डने या रोगाला मिक्सिडीमा असे नाव दिले. १८८३ साली फीलिक्स सेमन याने तेथील क्लिनिकल सोसायटीत उठून सांगितले की, या स्त्रिया, कोखरचे रोगी आणि डोंगरातले क्रेटिन यांचे दुखणे एकच आहे : थायरॉइडचे काम बंद पडणे. सभासदांनी त्याची चक्क थट्टा केली. पण सोसायटीने समिती नेमली, हॉर्स्लीने माकडांवर प्रयोग केले, शंभराहून अधिक रोग्यांच्या हकिकती गोळा झाल्या, आणि १८८८ च्या अहवालाने सेमनचे म्हणणे खरे ठरवले. त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून आजही थबकावे लागते. जवळजवळ निम्म्या रोग्यांना भ्रम किंवा भास होत होते.

ग्रंथीतून काहीतरी रक्तात जाते आणि ते सर्व देहाला, वागणुकीलाही, वळण लावते, ही कल्पना अगदीच नवी नव्हती. गटिंगेनच्या बर्टहोल्डने १८४९ मध्ये खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेव्हा त्यांचे तुरे लाल झाले, ते आरवू लागले आणि भांडूही लागले. पण त्या निबंधाकडे कोणी फिरकले नाही. १८८९ मध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकारने प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परत आल्याची दवंडी पिटली, तेव्हा मात्र सगळे जग धावले. तो अर्क निरुपयोगी होता.

न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ साली मेंढीच्या थायरॉइडचा अर्क रोग्याला टोचण्याचा विचार आपल्या वैद्यक मंडळापुढे मांडला. तेव्हा ब्राउन-सेकारचा गाजावाजा ताजा होता. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, मग मज्जारज्जूच्या विकारावर मज्जारज्जूच वाटून टोचा की! मरेने ते ऐकून घेतले. लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी आदल्या वर्षी मेंढीची ग्रंथी एका रोगी स्त्रीच्या कातडीखाली बसवली होती आणि दुसऱ्याच दिवसापासून तिला उतार पडू लागला होता, हे त्याला ठाऊक होते. एवढ्या झटपट कलम काही जीव धरीत नाही. म्हणजे गुण आला तो ग्रंथीतल्या रसाने, असा त्याचा साधा हिशेब होता.

त्याची रोगी छेचाळीस वर्षांची एक स्त्री होती. तिच्या तक्रारी तीन : अंगात त्राण नाही, थंडी मुळीच सोसत नाही, आणि परक्या माणसांना भेटावेसे वाटत नाही. या तिसऱ्या तक्रारीवर तिच्या शेजाऱ्यांनी काय ठरवले असेल ते आपण सहज सांगू शकतो. बाई माणूसघाणी आहे, आळशी आहे. आपल्याकडे याच्यापुढे एक सुस्कारा टाकून म्हणतात, स्वभावाला औषध नाही. मरेने ग्लिसरिनमध्ये काढलेला अर्क टोचायला सुरुवात केली, आणि तीन-साडेतीन महिन्यांत बाईच्या चेहऱ्याची सूज उतरली, बोलणे भराभर होऊ लागले, ती घरकाम विनासायास करू लागली आणि रस्त्यातून मोकळेपणी हिंडू लागली. अर्क मात्र जन्मभर घ्यावा लागला. १९१९ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती वारली तोपर्यंत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या. वर्षभरातच टोचण्याची गरज संपली. ग्रंथी नुसती खाल्ली तरी चालते असे १८९२ मध्ये आढळले, आणि प्लिमथच्या फॉक्स नावाच्या डॉक्टरने ती हलकेच परतून मुरंब्यासारख्या जेलीबरोबर रोग्याला वाढली.

अशा रसांना 'हार्मोन' हे नाव स्टार्लिंगने १९०५ मध्ये दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'संप्रेरक' हा शब्द त्याच अर्थाचा आहे. १९०९ साली कोखरला नोबेल पारितोषिक मिळाले. केंडलने १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत थायरॉइडचे हार्मोन शुद्ध स्फटिकरूपात मिळवले. हॅरिंग्टनने १९२६ मध्ये त्याची रचना उकलली, आणि पुढल्या वर्षी तो आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. आज कितीतरी मराठी घरांत बायका सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, जी लहानशी गोळी घेतात ती हीच. वेड्यांच्या इस्पितळांना तिची ओळख पटायला मात्र उशीर लागला. १९४९ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशरने असे चौदा रोगी दाखवले, की ज्यांना वेडे समजले गेले होते आणि ज्यांतले बहुतेक थायरॉइड दिल्यावर शहाणे झाले.

तरी एक दुःख उरलेच. मोठेपणी ग्रंथी थकली तर गोळीने माणूस परत येतो. आईच्या पोटात असतानाच ज्या मेंदूला हे हार्मोन पुरेसे मिळाले नाही, तो नंतर कितीही दिले तरी पुरता भरून निघत नाही. डोंगरातल्या क्रेटिनांना म्हणूनच मेंढीचा उपयोग नव्हता. त्यांचे उत्तर खनिजात होते. थायरॉइडमध्ये आयोडीन असते हे बाउमानने १८९५ साली दाखवले. हार्मोनच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात. बर्फाने आणि पावसाने धुतलेल्या पर्वतांच्या मातीत आयोडीन नाही, म्हणून धान्यात नाही, म्हणून माणसात नाही. कच्चा माल न मिळालेली ग्रंथी फुगत जाते, एवढाच गलगंडाचा अर्थ. अमेरिकेतील ॲक्रन गावी मरीनने १९१७ पासून शाळकरी मुलींना आयोडीन दिले. घेणाऱ्या २१९० मुलींपैकी पाच जणींना गलगंड झाला, न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींना. स्वित्झर्लंडमध्ये ओटो बायार्ड या खेड्यातल्या डॉक्टरने १९१८ मध्ये मिठात आयोडीन मिसळून ते काही कुटुंबांना दिले. १९२२ पासून असे मीठ त्या देशात अधिकृतपणे मिळू लागले. ज्या खोऱ्यांत क्रेटिन पिढ्यान्‌पिढ्या जन्मत होते, तेथे ते जन्माला येईनासे झाले.

मीठ म्हटले की आपल्याला १९३० चे शिरोडा आणि वडाळा आठवतात. म्हणूनच बिनआयोडीनचे मीठ खाण्यासाठी विकण्यावर १९९८ मध्ये बंदी आली, तेव्हा सरकारने पुन्हा मिठाला हात घातला अशी ओरड झाली. ती बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये परत लागू झाली. या कायद्यामागे हिमालयाच्या पायथ्याचे कांगडा खोरे आहे. गिलगिटमध्ये मॅककॅरिसन याने विसाव्या शतकाच्या आरंभी गलगंडाचा अभ्यास करताना दोष गढूळ पाण्याला दिला होता. कांगड्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखावर वस्तीचे तीन पट्टे पाडले. दोन टोकांच्या पट्ट्यांत आयोडीनयुक्त मीठ, मधल्या पट्ट्यात साधे. सहा वर्षांत टोकांकडचा गलगंड निम्म्यावर आला. मधला पट्टा होता तसाच राहिला. प्रयोग निर्विवाद होता, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण मधल्या पट्ट्यात त्या सहा वर्षांत जन्मलेल्या मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. शास्त्राला तुलनेसाठी कोणीतरी लागतेच, हे मान्य; बर्नमध्येही दोन बहिणी शेजारी उभ्या राहिल्या नसत्या तर डोळे उघडले नसते. पुढे त्या मधल्या पट्ट्यालाही तेच मीठ देण्यात आले, आणि तेथलाही गलगंड ओसरू लागला.