काळी, पांढरी आणि माळ

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. एसटीच्या इतिहासात ही तारीख ठळक आहे. ती गाडी ज्या प्रदेशातून गेली, तेथील शेतीवस्तीचा इतिहास मात्र साडेतीन हजार वर्षांचा आहे. आणि तो पाहायचा तर शिरूरला उतरून चालावे लागते. आजचा धागा त्या चालण्याविषयी आहे: एसटीच्या तिकिटावर, दख्खनच्या नदीखोऱ्यांतून आणि कोरड्या माळरानांतून.

स्टेप म्हटले की आपल्याला मंगोलिया आणि घोडेस्वार आठवतात. पण उष्ण अर्धशुष्क गवताळ प्रदेश पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावर सुरू होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला आलात की तो पाचशेच्या आसपास उतरतो. घोड, भीमा, कऱ्हा, नीरा या नद्या ओल्या डोंगरात उगम पावतात आणि कोरड्या पठारावरून वाहतात. म्हणजे जिथे पाऊस पडत नाही तिथे नदी दुसरीकडचा पाऊस घेऊन येते. काठाला काळी माती आणि शेती, आणि थोडे वर चढताच मुरूम, कुसळी गवत, तुरळक बाभळी. बसच्या खिडकीतून हा बदल डोळ्यांत भरत नाही. पायांना तो लगेच कळतो, कारण ढेकळे संपून खडे टोचू लागतात.

शिरूर तालुक्यातील इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची मोठी नावे. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. इ. स. पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे येथे वस्ती होती. बहराच्या काळातील घरे आयताकृती आणि प्रशस्त आहेत. लोक सातू पिकवत, धान्याचे कोठार बांधत आणि पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी पाट खणत. दगावलेली मुले दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना पुरताना बहुधा घोट्यापासून पाय तोडलेले आढळतात. असे का, याची उत्तरे अंदाजाचीच आहेत. चार पायांच्या एका मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मात्र अखंड पायांनिशी सापडला. तो गावचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांना वाटले.

इ. स. पू. १०००च्या सुमारास चित्र पालटते. आयताकृती घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. शेती आक्रसते, शिकार वाढते. उत्तर दख्खनमधील याच संस्कृतीची बहुतेक गावे तोवर ओस पडली होती. इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, पण गरिबीत. ढवळीकरांचे म्हणणे असे की पाऊसमान घटले, शेतकरी शेळ्या-मेंढ्यांकडे वळले आणि अर्धभटके झाले. या कारणमीमांसेवर पुढे आक्षेप घेतले गेले आणि वाद मिटलेला नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: गोल झोपडी म्हणजे निव्वळ ऱ्हास, असे आपण किती सहज मानतो! खोऱ्यात बसून पाहिले तर तो ऱ्हास आहे. माळावरून पाहिले तर दुष्काळात जिवंत राहण्याची ती एक रीत आहे.

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शतकानुशतकांच्या राखेने आणि घरांच्या मातीने तिला तो रंग येतो. पुरातत्त्वज्ञ गावात गेला की आधी पांढरीचे टेकाड विचारतो. पण काळी-पांढरीच्या या जोडीत माळाला जागाच नाही. महसुलाच्या भाषेत तो पडीक. तेथे राहणारा मेंढपाळ दप्तरात उमटतो तो बहुधा कर, चराई किंवा तंट्याच्या निमित्तानेच. ज्याचे पीक मोजता येते त्याचा इतिहास लिहिला जातो. आम्ही एम.ए.ला जे वाचतो त्यातले बरेचसे काळीचे आणि पांढरीचे आहे.

हे ज्यांनी ओळखले ते दोघे चालणारे होते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, घर पुण्यात, आणि रोजचा प्रवास दख्खनच्या राणीने. उरलेल्या वेळात ते टेकड्या आणि माळ पायी धुंडाळत. गारगोटीसारख्या दगडांची बारीक अश्मयुगीन पाती, गावाबाहेरचे शेंदूर लावलेले तांदळे आणि जुन्या वाटा या तिन्ही गोष्टी जवळजवळ सापडतात, हे त्यांनी टिपले. १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये त्यांनी मांडले की कित्येक मातृदेवता शिवेवर किंवा तिठ्यावर असतात, कारण गावे वसण्याआधी भटक्या टोळ्या तेथे भेटत असत. पंढरीच्या वारीची वाटही त्यांनी अशाच प्राचीन हंगामी स्थलांतराशी जोडली. हा शेवटचा दुवा मला मोहक वाटतो, सिद्ध झालेला वाटत नाही. पाते आणि पालखी यांच्यामध्ये काही हजार वर्षे आहेत, आणि वाट एकच असली तरी चालणारे तेच होते असे होत नाही.

दुसरे गुंथर सोंथायमर. हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर राहिला, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि देवांच्या कथा स्थलांतराचा दस्तऐवज म्हणून वाचल्या. नीरेच्या खोऱ्यातील वीर येथील म्हस्कोबाची कथा घ्या. कमळाजी नावाच्या धनगर भक्तासाठी देव मराठवाड्यातील सोनारीहून वीरला आला, असे परंपरा सांगते. दप्तरात अशा प्रवासाची नोंद शोधून सापडायची नाही. देव कुठून आला हे लोकांनी लक्षात ठेवले, आणि त्या आठवणीत कळपांची वाट टिकली. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन बायकाही याच नजरेने पाहाव्यात: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक पेठेतली, दुसरी माळावरची, आणि देवाला दोघींशिवाय चालत नाही.

गेल्या श्रावणात मी सुप्याहून मोरगावकडे चालत निघाले. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. त्यापुढे माळ. वेळापत्रक चुकीचे वाचल्याने परतीची गाडी हुकणार हे अर्ध्या वाटेतच कळले होते, तेव्हा घाई उरली नव्हती. एका कळपामागे बसलेल्या आजोबांनी विचारले, “काय हुडकतीस, पोरी?” मी म्हटले, “जुन्या वाटा, आजोबा.” ते हसले. “पावसात मेंढराला चिखल सोसत न्हाय, खुरं कुजत्यात. म्हून पावसाळा हितं माळावर. दिवाळी झाली की खाली. ह्योच रस्ता.” मग त्यांनी खाली कऱ्हेकडच्या शिवारातली कोणकोणती रानं आपला कळप बसवून घेतात ते बोटाने दाखवले. मेंढ्या रात्रभर शेतात बसतात, लेंड्यांचे खत मिळते, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. माळ आणि खोरे यांचा व्यवहार असा चालतो, आणि त्याला सातबाऱ्यावर रकाना नाही.

आता खोऱ्यात पाणी बारमाही आहे. घोडवर धरण, भीमेवर उजनी, काठाने ऊस. ऊस उभा असताना कळप बसवणार कुठे? वर माळाला तारेचे कुंपण पडते आहे, कारण नकाशात तो पडीक आहे आणि पडीक जमीन कुणालाही देता येते. आजोबांच्या मुलाने निम्मी मेंढरे विकली आहेत. तो चाकणला कंपनीत जातो.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. शिरूर पुणे–नगर मार्गावर असल्याने तेथवर गाड्यांची ददात नाही. पुढे इनामगावाकडे जाण्याआधी परतीची शेवटची गाडी स्थानकावर तोंडी विचारून घ्या. मोरगाव अष्टविनायकांपैकी असल्याने तेथून परत येणे सोपे आहे. माळावर सावली नाही, पाणी दोन लिटरहून कमी नेऊ नका. कळपाची कुत्री आधी भुंकतात, मग ओळखतात. तेवढा वेळ उभे राहा. आणि इनामगावच्या टेकाडावर काळ्या रेघांची तांबडी खापरे पायाखाली दिसतील. फोटो काढा, पण खापर जिथल्या तिथेच राहू द्या.