पारवा, कबूतर आणि ‘गुरांचा दवाखाना’ : पेण-रोह्याच्या निमित्ताने पक्षिचिकित्सेच्या पूर्वपीठिकेचा विचार

१

पेण किंवा रोहे येथील एखाद्या गृहस्थाच्या ढाबळीतील कबूतर आजारी पडले, त्याची मान एकाएकी उलटी वळू लागली, दाणा टिपताना चोच भलतीकडेच पडू लागली, तर त्याने ते कोठे न्यावे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल; इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घेण्याजोगा तर तो नाहीच, असेही कोणी म्हणेल. परंतु त्याला मिळणारे उत्तर विचार करण्यासारखे आहे. विचारावे त्याने ‘गुरांच्या दवाखान्या’कडे बोट दाखवावे, हेच सर्वसाधारणपणे घडते. पक्ष्याला गुरांच्या दवाखान्यात का न्यावे लागते, आणि नेल्यावर तेथे तो परका का ठरतो, याचे कारण त्या दवाखान्याच्या आजच्या कारभारात शोधून पुरेसे सापडणार नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. आपल्याकडील पशुचिकित्सा राज्य, युद्ध आणि शेती यांच्या गरजेतून वाढली. कबूतर या क्षेत्रात आले ते भूतदयेच्या दाराने. या दोन परंपरांची गाठ पूर्णपणे कधी पडली नाही, आणि त्यांच्यामधील मोकळ्या जागेत पाळीव कबूतर व त्याचा धनी आजही उभे आहेत. शब्दांचा इतिहास या निष्कर्षास पुष्टी देतो. म्हणून आरंभ शब्दांपासूनच करणे इष्ट होय.

२

मराठीत या पक्ष्याला दोन नावे आहेत. देवळाच्या शिखरात, गडाच्या तटात, विहिरीच्या कपारीत राहणारा तो ‘पारवा’. माणसाने ढाबळीत ठेवून दाणापाणी घातलेले ते ‘कबूतर’. पहिला शब्द संस्कृत ‘पारावत’ यापासून आलेला आहे. दुसरा फारसीतून आलेला आहे. मध्य-फारसीत ‘कबोद’ हा निळसर-करड्या रंगाचा वाचक शब्द असून ‘कबूतर’ त्याच कुळातील मानतात. संस्कृत ‘कपोता’शीही त्याचे नाते जोडले जाते. मराठीत याच्या उलट घडले. पक्ष्यावरून रंगाला नाव मिळाले, आणि ‘पारवा रंग’ असे आपण म्हणू लागलो. पाळण्याच्या छंदातील परिभाषाही अशीच विभागलेली दिसते. जातींची व उड्डाणांची नावे (शिराजी, लक्का, लोटन, गिरेबाज) फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने आली. पक्ष्याच्या घराचे नाव मात्र ‘ढाबळ’ असे घरगुती राहिले.

आता चिकित्सकाच्या बाजूचे शब्द पाहावेत. वैदिक वाङ्मयात ‘पशूं’ची गणना पाच अशी येते : पुरुष, अश्व, गो, अवि आणि अज. तीत पक्ष्याला जागा नाही. घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून ज्याचे नाव सांगतात त्या शालिहोत्रावरून ‘शालोत्री’ अथवा ‘सलोत्री’ हा शब्द झाला; इंग्रजी अमदानीत घोडदळाच्या पलटणींत देशी अश्ववैद्याला याच नावाने ओळखत. हत्तींच्या वैद्यकाचा आचार्य पालकाप्य. ‘जनावर’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ‘जीव असलेला’ एवढाच असून मराठीत तो आकुंचित झाला. कोकणात रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेणे टाळून त्यालाही ‘जनावर’ म्हणतात, पण पारव्याला कोणी म्हणत नाही. लॅटिन भाषेतही प्राणिवैद्याचे नाव ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या नावावरूनच सिद्ध झाले आहे, आणि तोच शब्द पुढे इंग्रजीत गेला. तात्पर्य, चिकित्सकाला नाव मिळाले ते ओझ्याच्या, स्वारीच्या आणि नांगराच्या प्राण्यांवरून. आजचा ‘गुरांचा दवाखाना’ हा शब्दप्रयोग या दीर्घ परंपरेतील शेवटचा दुवा होय.

३

पक्षी सर्वस्वी विस्मृतीत होता असे मात्र समजू नये. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा अशा दोन चिकित्सांच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे, आणि दोन्हींस उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती लावल्याचेही सांगितले आहे. उत्तर कोकणात सोपारे येथे त्याच शासनमालिकेतील आठव्या शासनाचा तुकडा १८८२ साली आणि नवव्याचा १९५६ साली सापडला. तेव्हा ही मालिका या किनाऱ्यावरही कोरविली गेली होती, हे निश्चित. इ. स. पू. २४३ च्या सुमाराच्या पाचव्या स्तंभशासनात अवध्य प्राण्यांची यादी असून तीत ‘सेतकपोत’ आणि ‘गामकपोत’, म्हणजे पांढरे कबूतर आणि गावातील कबूतर, अशी दोन नावे स्वतंत्रपणे येतात. माणसाच्या वस्तीजवळच्या कबुतराला शासनाच्या भाषेत वेगळे नाव असल्याचे हे महत्त्वाचे प्रमाण आहे. परंतु लक्षात घेण्याजोगा भेद असा की, कबूतर येथे अवध्यांच्या यादीत आहे. चिकित्सेच्या शासनात त्याचे नाव नाही. त्याला मारू नये एवढे राजाने सांगितले. त्याला बरे कोणी करावे, हे सांगितलेले नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रात मुद्रांकित गृहकपोतांच्या द्वारे वार्ता पाठविण्याचा उल्लेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ. स. ११२९ च्या सुमारास) राजाच्या करमणुकींमध्ये कोंबडे, लावे, मेंढे व रेडे यांच्याबरोबर पारावतांच्या विनोदालाही जागा दिलेली आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद याच ग्रंथात असल्याने तो मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. अबुल फजलने अकबराच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे असल्याचे आणि त्यांपैकी पाचशे खास असल्याचे लिहून ठेवले. जहांगीराने मांडू ते बुऱ्हाणपूर अशी निरोप्या कबुतरे उडवून पाहिली.

या राजाश्रयाचा ओघ सह्याद्रीच्या या बाजूस पोचला नाही. रायगड ही ज्यांची राजधानी त्या शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या ज्या याद्या प्रसिद्ध आहेत त्यांत हत्तींचा पीलखाना, उंटांचा उष्ट्रखाना आणि शिकारखाना येतो. कबुतरखाना येत नाही. डोंगरी मुलखातील काटकसरी राज्याला तो परवडण्याजोगाही नव्हता. येथे कबूतर हा खाजगी छंद राहिला आणि त्याच्या आजाराचे ज्ञानही खाजगीच राहिले. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेले आणि लेखनात फारसे उतरले नाही.

४

दुसरी परंपरा पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी नगरांत वाढली. इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतेस आला असता त्याने तेथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. ती एक लहानशी खोली होती. तीत आजारी, लंगडे आणि जोडीदार गमावलेले पक्षी ठेवले होते, आणि त्यांत कोंबडे, मोर व बदके यांच्याबरोबर कबुतरेही होती. याच प्रवासात पुढे तो चौलवरून गोव्याकडे गेला. चौल कुंडलिकेच्या मुखाशी आहे आणि रोहे त्याच नदीच्या काठी वर आहे. एवढ्या जवळच्या सागरी मार्गावर पक्ष्यांच्या शुश्रूषेची संस्था तीन शतकांपेक्षा अधिक काळापूर्वी अस्तित्वात होती, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

गुजराती व्यापाऱ्यांबरोबर ही परंपरा मुंबईस आली. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ साली मुंबईत दंगल उसळली; त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. दिल्लीत चांदणी चौकातील जैन मंडळींनी पक्ष्यांसाठी धर्मार्थ दवाखाना १९२९ साली काढला. तोही याच वृत्तीचा आविष्कार होय. परंतु पांजरपोळाचा धर्म आश्रयाचा आहे. जीव मरेपर्यंत सांभाळावा, हा तेथील हेतू. रोग ओळखावा, कारण शोधावे, साथ रोखावी, हा हेतू तेथे मुळात नव्हता.

दोन्ही परंपरा एकत्र येण्याचा प्रसंग मुंबईतच आला. प्राणिक्लेशनिवारणासाठी १८७४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या आश्रयाखाली परळ येथे पेटिट घराण्याच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले, आणि त्याला जोडून १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. येथे दयेने बांधलेल्या इमारतीत शास्त्र शिकविले जाऊ लागले. पेण-रोह्याच्या माणसाला धरमतरच्या किंवा रेवदंड्याच्या खाडीतून मुंबई गाठता येत असे. पण आजारी कबुतरासाठी तो जलप्रवास कोण करणार?

५

जिल्ह्याच्या पातळीवर जे पोचले ते मात्र शास्त्राचे सरकारी रूप होते, आणि त्याचा रोख स्पष्ट होता. गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली निघाला. जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुणे येथे आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे सोपविली गेली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरास हलविण्यात आली; तिचे प्रमुख लक्ष्य बुळकांडी हा गुरांचा रोग होते. १८९९ चा ग्लँडर्स व फार्सी कायदा हा घोड्यांच्या रोगांसंबंधी होता. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. श्रेणी एकचा दवाखाना पशुवैद्यकीय पदवीधराचा आणि श्रेणी दोनचा पशुधन पर्यवेक्षकाचा, ही विभागणी आज ग्रामस्थांच्या परिचयाची आहे.

या व्यवस्थेला दोष देण्याचे कारण नाही. पेणच्या खारेपाटातील भातशेतकऱ्याचा बैल पावसाळ्याच्या तोंडावर बसला तर त्याचे वर्ष बुडे; त्याच्यासाठी दवाखाना हवा होता आणि तो झाला. बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, हे या परिश्रमांचे फळ होय. मुद्दा एवढाच की, ज्याच्या उपयोगाचा हिशेब मांडता येतो त्याच्याभोवती शास्त्र उभे राहते. कबुतराचे उदाहरणही हेच सांगते. ओरिसाच्या पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर संदेशसेवा सुरू केली, तेव्हा त्या पक्ष्यांच्या आहाराची व आरोग्याची नियमित व्यवस्था सरकारनेच ठेवली. दुसऱ्या महायुद्धातील कामगिरीबद्दल इंग्लंडमध्ये १९४३ ते १९४९ या काळात दिल्या गेलेल्या ५४ डिकिन पदकांपैकी ३२ पदके कबुतरांना मिळाली. राज्याची चाकरी केली की पक्षीही नोंदवहीत येतो. हौसेने पाळलेला पक्षी तेवढा बाहेर राहतो.

६

विसाव्या शतकात पक्षिरोगांचे शास्त्र वाढले ते कोंबडीपालनाच्या निमित्ताने. कुमाऊंतील एका गावाच्या नावाने ओळखला जाणारा ‘राणीखेत’ रोग १९२० नंतरच्या दशकात शास्त्राला ज्ञात झाला. आपल्या शेतकऱ्यांनी त्याला ‘मानमोडी’ असे अन्वर्थक नाव दिले. त्याच कुळातील विषाणूचा कबुतरांवर विशेषेकरून आढळणारा प्रकार १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्यपूर्वेत दिसला आणि लवकरच युरोपात पसरला. आरंभी सांगितलेली उलट्या मानेची लक्षणे बहुधा याचीच असतात. यावर विषाणू नष्ट करणारे औषध नाही. रुग्ण वेगळा ठेवणे, त्याला हाताने भरविणे आणि इतरांचे लसीकरण करणे एवढेच करता येते. परदेशांत कबुतरांसाठी स्वतंत्र निष्क्रिय लस तयार होते.

याउलट, घशात पिवळसर पापुद्रा धरणारा दुसरा एक रोग सूक्ष्म परोपजीवामुळे होतो. आईबाप गळ्यातील पिशवीतून पिलांना जे दुधासारखे द्रव्य भरवितात त्यातून तो पिलांना लागतो, आणि वेळीच योग्य औषध मिळाले तर बराही होतो. पहिल्या रोगात औषधाची आशा व्यर्थ. दुसऱ्यात औषधाचा विलंब घातक. हा भेद ढाबळवाल्याला ओळखता आला आणि तो डॉक्टरांना सांगता आला, तर पक्ष्याचा जीव वाचतो. येथे पुन्हा शब्दाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘मानमोडी’ हा शब्द कोंबड्यांच्या संदर्भात दोघांनाही कळतो. कबुतरांच्या इतर व्याधींची जी नावे पाळणाऱ्यांच्या तोंडी आहेत त्यांचा पशुवैद्यकीय परिभाषेशी मेळ घातला जात नाही. रुग्णाला वाचा नाही, आणि त्याच्या धन्याची वाचा वैद्याच्या पुस्तकात नाही.

अलीकडच्या घटनांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे ‘बर्ड फ्लू’ची भारतातील पहिली साथ आढळली, जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातीलच उरण तालुक्यात चिरनेर येथे तो आढळला. आजारी पक्षी ही आता सार्वजनिक आरोग्याची बाब झाली आहे. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद माजला त्यात श्वसनविकारांचे भय एका बाजूस आणि जीवदया दुसऱ्या बाजूस अशी मांडणी झाली. घरच्या दहावीस कबुतरांची देखभाल करणारा माणूस या दोहोंपैकी कोणत्याच पक्षात बसत नाही. त्याच्या ढाबळीची स्वच्छता, नव्या पक्ष्याला काही दिवस वेगळे ठेवणे, मेलेल्या पक्ष्याची तपासणी या गोष्टी सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही हिताच्या आहेत. परंतु दवाखान्याची पायरी चढताना त्याला संकोच वाटत असेल, तर तो आजार लपवील. आणि लपविलेला आजार सर्वांनाच महाग पडेल.

७

एकंदर विवेचनावरून असे दिसते की, पेण किंवा रोहे येथील कबूतरपालकाची अडचण केवळ अंतराची नाही. १९८० नंतरच्या दशकात रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि १९९८ पासून तेथूनच कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. मुंबई पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. अडचण अशी की, अवध्यतेने त्याच्या पक्ष्याला अभय दिले, पांजरपोळाने आश्रय दिला, कोंबडीपालनाने उसनी लस दिली. पण त्याला रुग्ण म्हणून आपले असे स्थान यांपैकी कोणीच दिले नाही.

यासंबंधी आपल्या विद्यापीठीय अभ्यासाला करता येण्याजोगे एक काम आहे. पेण, रोहे, अलिबाग व मुरूड या तालुक्यांतील कबूतरपालकांच्या तोंडी असलेली रोगांची, लक्षणांची व उपचारांची नावे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जाऊन टिपून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे वय, गाव व त्याने वर्णिलेले लक्षण लिहावे. आणि ती यादी परळच्या महाविद्यालयातील पक्षिरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन मराठीत दवाखान्यांकडे पाठवावी. कोशकारांना तीत नवे शब्द मिळतील. दवाखान्यातील पर्यवेक्षकाला, समोरचा माणूस कोणत्या आजाराविषयी बोलत आहे, ते कळेल. जुन्या उस्तादांची पिढी हयात आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.