शिवणयंत्रातील ताण : बोटांकडून चकत्यांकडे

१/५ कापसाच्या बाजारपेठांसाठी सेलू-मानवत ज्ञात असलेल्या परभणी जिल्ह्यात वाकळ हाताने शिवण्याची रीत जुनी. दोरा किती ओढावा, हे तेथे बोटांनाच कळते. सैल सोडला तर टाका लोंबतो. अधिक ओढला तर कापड चुरमडते. यंत्राला मात्र बोटे नाहीत.

२/५ १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हाउ यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी. सुईचा वरचा दोरा आणि धोट्यातला खालचा दोरा परस्परांत अडकून टीप पडू लागली. ती टिकाऊ, परंतु अट एकच : दोहोंची गुंफण कापडाच्या जाडीतच दडली पाहिजे.

३/५ ही अट दोन चकत्या पाळतात. स्प्रिंगने दाबलेल्या त्या चकत्यांमधून वरचा दोरा जातो. चाकी फिरवली की दाब बदलतो. खाली बॉबीन-केसवरची पट्टी व बारीक स्क्रू हेच काम करतात.

४/५ वरचा दोरा कापडाखाली गुंतला, तर वरचा ताण बहुधा कमी असतो. खालचा दोरा वर डोकावला, तर तो अधिक. प्रथम दाबाचा पाय उचलून दोरा पुन्हा ओवावा, कारण पाय उचलल्यावरच चकत्या सुटतात. मग चाकी फिरवावी. स्क्रूला हात सर्वांत शेवटी.

५/५ यंत्रांचे कठोर टीकाकार गांधीजी यांनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. घरी बसून चार घरचे कपडे शिवणाऱ्या बाईची मजुरी आजही त्या चाकीच्या अर्ध्या फेऱ्यावर तोललेली असते : टीप उसवली, की गिऱ्हाईक परत येत नाही.