प्रौढांचा खेळ आणि लोकलज्जा

मुंबईहून नागपुरास जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, तेव्हां अमरावती ही वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ त्या मार्गापासून बाजूस राहिली. तिला जोडण्यासाठीं पुढें बडनेऱ्याहून सुमारें १० किलोमीटरचा फांटा काढण्यांत आला, आणि बडनेरा हें वाट पाहण्याचें गांव झालें. गाडीची वाट पाहणारे प्रवासी आजही तेथल्या फलाटावर बसलेले असतात. एखादा वर्तमानपत्र उघडून शब्दकोडें सोडवितो. त्याला कोणी नांव ठेवीत नाहीं. परंतु चाळिशी उलटलेला एखादा कारकून मोबाइलवर खेळ मांडून बसला असतां कचेरींतील सहकारी समोरून येतांना दिसला, तर त्याचा हात नकळत पडद्यावर जातो. “काय भाऊ, लेकरावानी खेळून राह्यले काय?” हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वींच त्याला ऐकूं येतो. कोडें सोडविणारा लाजत नाहीं आणि खेळणारा लाजतो, हा भेद कोठून आला? त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

खेळाविषयींची भीति फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त द्यूतकाराच्या पश्चात्तापाचें आहे. महाभारतांतील सर्वनाशाचा आरंभ द्यूतसभेंत होतो. कौटिल्यानें तर जुगारावर देखरेख ठेवण्यासाठीं द्यूताध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. परंतु या तिन्ही ठिकाणीं दोष फांसे टाकण्यास दिलेला नाहीं. तो पणास दिलेला आहे. घर, राज्य आणि पत्नी पणास लावणें हें पाप ठरलें. पुढें लोकांच्या मनांत मात्र पण आणि खेळ हे दोन्ही एकाच गाठोड्यांत बांधले गेले.

राजाश्रय मिळाला म्हणजे ही गांठ सुटत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं बुद्धिबळांवर संस्कृतांत ग्रंथ रचला, आणि त्याचें इंग्रजी रूप १८१४ सालीं मुंबईंत छापून निघालें. सावंतवाडीच्या दरबारानें गंजीफांच्या चित्रकारांना पोसलें. दरबारांत पट मांडणाऱ्या प्रौढ माणसास कोणी पोरकट म्हटलें नाहीं. तोच पट गांवच्या पारावर मांडला कीं मांडणारा रिकामटेकडा ठरे. खेळ एकच, मान मात्र बैठकीप्रमाणें बदलत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या लोकलज्जेंत एका नव्या गोष्टीची भर पडली. ती म्हणजे घड्याळ. लोहमार्गाबरोबर वेळापत्रक आलें, कापसाबरोबर जिनिंग-प्रेस आल्या, आणि बडनेऱ्यासारख्या लहान गांवींही कापडाच्या गिरणीचा भोंगा वाजूं लागला. शेतकऱ्याचा दिवस कामानें मोजला जात असे. पेरणी झाली, कापणी झाली, कीं मग पत्ते आणि सोंगट्या यांना ऋतु होता. चाकरमान्याचा दिवस मात्र तासांनीं मोजला जाऊं लागला, आणि ते तास त्यानें पगाराच्या मोबदल्यांत आगाऊ विकलेले होते. वेळ ही धन्याची वस्तु झाल्यावर ती खेळांत घालविणें ही जवळजवळ चोरीच ठरली. कामाचे तास संपल्यावरही हा संशय माणसाच्या पाठीशीं घरापर्यंत आला. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण पूर्वीचीच. पण कचेरीच्या युगांत तिला नवी धार आली.

या संशयावर वऱ्हाडनें स्वतःचें एक उत्तर शोधलें, आणि तें बडनेऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. अमरावतींत वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. हुतुतूसारख्या खेळांना व्यायाम, शिस्त आणि राष्ट्रकार्य यांची जोड मिळाली. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळीं या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन भारतीय व्यायाम आणि खेळ यांचीं प्रात्यक्षिकें केलीं. हुतुतू हा त्यांतलाच एक. गल्लींत खेळल्यास ज्याला पोरखेळ म्हणत, तोच खेळ मोठीं माणसें परदेशांत खेळलीं, आणि तो देशाचें भूषण झाला. पुढें कबड्डी या नांवानें तो १९९० सालीं आशियाई क्रीडास्पर्धांतही आला.

मुंबईच्या कचेऱ्यांनीं दुसरें उत्तर शोधलें. १९३० च्या सुमारास टाइम्स ढालीचे सामने सुरू झाले, आणि पेढ्या, गिरण्या, बँका आपापले क्रिकेट संघ उतरवूं लागल्या. रेल्वेनेंही खेळाडूंना नोकरींत सामावून घेतलें. आतां खेळणारा कारकून कामचुकार राहिला नाहीं. तो आस्थापनेची प्रतिष्ठा झाला. कालपर्यंत जो साहेब खेळणाऱ्याकडे डोळे वटारून पाही, तोच सामन्याच्या दिवशीं त्याला रजा देऊं लागला.

या दोन्ही उत्तरांनीं पुष्कळ हित केलें, यांत शंका नाहीं. परंतु त्यांत एक उणीव राहून गेली. खेळास क्षमा मिळाली ती राष्ट्र, शरीर किंवा आस्थापना यांच्या नांवानें. निव्वळ आनंदासाठीं खेळणारा प्रौढ मनुष्य जेथल्या तेथेंच राहिला. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें बातुमी येथें महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हां विदर्भांतील घराघरांतून तिचें कौतुक झालें. पण दुपारच्या सुटींत कोपऱ्यांत बसून तेंच बुद्धिबळ खेळणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहून डोळे मिचकावण्याची रीत कांहीं मोडली नाहीं. २०२३ मध्यें हांगझो येथील आशियाई स्पर्धांत संगणकावरील खेळांनाही पदकें मिळालीं. तरी ते खेळ खेळणारा अधिकारी आपला हा छंद चारचौघांत सांगत नाहीं.

कायद्यानें मात्र या बाबतींत समाजापेक्षां अधिक विवेक दाखविला आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यानेंच केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवलें होतें. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं सांगितलें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली, आणि त्याच कायद्यानें संगणकीय क्रीडेस मान्यताही दिली. पण वेगळा आणि खेळ वेगळा, हीच ती जुनी गांठ सोडविण्याची खटपट आहे.

त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत महाराष्ट्राच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या हातांतील मोबाइलवर, विधान परिषदेचें कामकाज चालूं असतां, पत्त्यांचा खेळ दिसत असल्याचें चित्रण प्रसिद्ध झालें. आपण खेळत नव्हतों, आपोआप आलेली जाहिरात दूर करीत होतों, असें त्यांनीं सांगितलें. महिनाअखेर त्यांचें खातें बदललें, आणि मिळालें तें क्रीडा खातें. लोकांनीं या योगायोगावर पुष्कळ विनोद केले. परंतु विनोदाखालीं एक रास्त प्रश्न होता, आणि तो खेळाचा नव्हता. तो कर्तव्याच्या वेळेचा होता. शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठीं राखलेली घटका दुसरीकडे जाते काय, एवढेंच विचारण्याचा लोकांना अधिकार होता.

हा भेद न केल्यानें होणारी हानि लहान नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणांत खेळाच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळास अधिक महत्त्व येणें आणि नुकसान होत असूनही तो चालूं ठेवणें, हीं त्याचीं लक्षणें. आणि तीं सामान्यतः वर्षभर तरी टिकलेलीं असावीं लागतात. रोज अर्धा तास खेळून ताजातवाना होणारा मनुष्य यांत बसत नाहीं. परंतु कचेरीची थट्टा दोघांनाही एकाच काठीनें हांकते. मग निरोगी मनुष्य आपला निरुपद्रवी आनंद लपवितो. आणि ज्याचा ताबा खरोखर सुटला आहे, ज्याच्यावर पण लावतां लावतां कर्ज झालें आहे, तोही त्याच पडद्याआड लपतो. ज्यानें वेळेवर कोणाला तरी सांगावयास हवें, त्याच्याच तोंडावर लाज हात ठेवते.

म्हणून प्रौढाच्या खेळाकडे पाहतांना तीन प्रश्न पुरेसे आहेत: त्यांत कोणाचें धन पणास लागलें आहे काय, दुसऱ्यास दिलेली वेळ त्यांत जाते काय, आणि थांबावयाचें ठरविल्यास थांबतां येतें काय? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर उरतो तो केवळ आनंद, आणि त्यास राष्ट्राची किंवा आस्थापनेची शिफारस लागूं नये. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी येईपर्यंतचा वेळ त्या कारकुनाचा स्वतःचा आहे. त्यानें तो शब्दकोड्यांत घालवावा कीं डावांत, हें ठरविण्याइतका तो खास प्रौढ आहे.