कालप्रवासाची वाट आणि पाटणचा शिलालेख

गेलेला काळ परत येत नाही, हे कळायला पदार्थविज्ञान लागत नाही. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या दिवसाचे आठ तास गेले ते गेलेच. कामगाराइतके हे कोणाला ठाऊक असणार? तरीही भूतकाळात जाण्याची वाट निसर्गात आहे काय, हा प्रश्न विसाव्या शतकातील थोर शास्त्रज्ञांनी गांभीर्याने हाती घेतला. त्या शोधाची हकीगत आम्ही आज सांगणार आहोत. ती चाळीसगावातच सांगावी, याला कारणही आहे. ते ओघाने येईल.

१९१५ साली आइन्स्टाइनने असे मांडले की, वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ ही दोन्ही वाकतात, आणि आपण ज्याला गुरुत्वाकर्षण म्हणतो ते या वक्रतेचेच रूप होय. १९३५ साली त्याने व नेथन रोझेन याने याच समीकरणांतून अवकाशाचे दोन भाग जोडणारा एक पूल काढून दाखविला. पुढे १९५७ साली मिसनर व व्हीलर यांनी अशा वाटेला ‘वर्महोल’ हे नाव दिले. कीड फळातून बीळ पाडते, तसले हे बीळ. म्हणून मराठीत कृमिविवर. येथून कन्नडला जायचे तर औट्रम घाट चढावा लागतो. डोंगराच्या पोटातून बोगदा काढला तर वाट आखूड होईल. कृमिविवर हा अवकाशातील तसाच बोगदा. परंतु १९६२ साली फुलर व व्हीलर यांनी सिद्ध केले की, हा पूल प्रकाशाचा किरणही पार होण्याआधी मिटून जातो.

बोगदा उघडा का राहत नाही, याचे मर्म एका भारतीयाच्या गणितात आहे. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली जे समीकरण प्रसिद्ध केले, त्यातून असे निघते की, नेहमीचे द्रव्य जवळून जाणाऱ्या किरणांना एकत्र ओढते. कृमिविवरात मात्र किरणांनी आत शिरताना जवळ यावे आणि बाहेर पडताना फाकावे लागते. त्यासाठी शून्याहून कमी, म्हणजे ऋण ऊर्जा हवी.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीसाठी कार्ल सेगन याने किप थॉर्न याला सल्ला विचारला, आणि त्यातून या विषयाला नवी चालना मिळाली. १९८८ साली मॉरिस व थॉर्न यांनी माणूस आरपार जाऊ शकेल अशा कृमिविवराचे गणित मांडले. त्याच वर्षी युर्टसेव्हरसह त्यांनी दाखविले की, विवराचे एक तोंड प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरवून आणले तर त्या तोंडाचे घड्याळ मागे पडते. मग एका तोंडाने शिरून दुसऱ्याने निघणारा माणूस आपल्याच भूतकाळात पोचेल.

पण ऋण ऊर्जा आणायची कोठून? निसर्ग ती देतो, पण उचल म्हणून. फोर्ड व रोमन यांच्या गणिताप्रमाणे उचल जितकी मोठी, तितकी फेडीची मुदत कमी. आणि फेड घेतल्यापेक्षा जास्त. सावकाराचा हा हिशेब आपल्याला नवा नाही! पुण्याच्या आयुकातील नरेश दधीच यांनी २००३ साली मॅट व्हिसर व सायन कर यांच्यासह दाखविले की, अशा विचित्र द्रव्याची गरज कितीही थोडी करता येते; पण पूर्ण टळत नाही. १९९२ साली हॉकिंग याने तर असा तर्क मांडला की, निसर्गाचे नियमच कालयंत्र होऊ देणार नाहीत. तो तर्क अजून सिद्ध झालेला नाही. आणि कृमिविवर अजून कोणी पाहिलेले नाही.

या गणितातील एक अट मात्र आमच्या मनात घर करून राहिली आहे. असे यंत्र झालेच, तरी ते तयार होण्याच्या आधीच्या काळात त्यातून जाता येणार नाही. पलीकडचे टोक त्या काळातल्यांनीच बांधून ठेवलेले असावे लागते.

आणि येथे पाटण आठवते. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या या गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या तेथील शिलालेखात हे कोरलेले आहे. लेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत असून, बाजारातील खरेदी-विक्रीवर आणि चालत्या प्रत्येक घाण्याच्या तेलातून मठाला काय द्यावे, हे त्यात सांगितले आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० साली लिहिला गेला. तो पुढच्या पिढ्यांत शिकला जावा म्हणून येथल्या तेल्याने पळीभर तेल दिले. भास्कराचार्यांकडे आपल्याला जाता येत नाही. पण त्यांचे गणित आपल्यापर्यंत आले, कारण पलीकडचे टोक कोणीतरी बांधले होते.

त्या लेखात तेलाचे माप आहे. घाणा हाकणाऱ्याच्या मुलाला शिकवावे अशी अट नाही. ती अट आपण घालायची आहे. कामगारवस्तीतले वाचनालय, रात्रीचा अभ्यासवर्ग, मुलीच्या हातातले गणिताचे पुस्तक, यांची वर्गणी संपाच्या निधीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. पुढे येणाऱ्यांसाठी आपल्या काळातले टोक आपल्याखेरीज दुसरे कोण बांधणार?