ग्रेट बॅरिअर रीफचे संरक्षण

ग्रेट बॅरिअर रीफ ही ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यालगत सु. २,३०० किमी. पसरलेली, जगातील सर्वांत मोठी प्रवाळभित्तींची मालिका. तीत सु. ३,००० लहानमोठ्या भित्ती व शेकडो बेटे आहेत. येथील आदिवासी व टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी यांचा या सागराशी हजारो वर्षांचा संबंध आहे. १७७० मध्ये जेम्स कुक याचे ‘एन्डेव्हर’ जहाज येथे प्रवाळावर आदळले. पुढे दीर्घकाळ यूरोपीय खलाशी या मालिकेला नौकानयनातील संकटच मानीत. १९२२ मध्ये स्थापन झालेली ग्रेट बॅरिअर रीफ समिती व १९२८–२९ मधील ब्रिटिश मोहीम यांमुळे तिच्या शास्त्रीय अभ्यासास चालना मिळाली.

संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९६७ मध्ये. एलिसन ही प्रवाळभित्ती मृत आहे, असे सांगून खतासाठी तेथील चुनखडी काढण्याची परवानगी एका ऊसउत्पादकाने मागितली. चित्रकार जॉन बुस्ट याने हरकत घेतली. पाणबुड्यांनी पाहणी करून भित्तीवर विपुल जीवसृष्टी असल्याचे दाखविले व अर्ज फेटाळला गेला. मात्र क्वीन्सलंड सरकारने मालिकेचा फार मोठा भाग खनिज तेलाच्या शोधासाठी खुला केला होता. बुस्ट, कवयित्री जूडिथ राइट व वनस्पतिशास्त्रज्ञ लेन वेब यांनी त्याविरुद्ध लोकमत संघटित केले. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सँता बार्बरा येथे सागरी विहिरीतून झालेल्या तेलगळतीने या विरोधास धार आली. कामगार संघटनांनी वेधनकार्यावर बहिष्कार पुकारला. मार्च १९७० मध्ये टोरेस सामुद्रधुनीत ‘ओशनिक ग्रँजर’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून तेल सांडले. त्याच वर्षी केंद्र व राज्य सरकारांनी चौकशी आयोग नेमले.

समुद्रावर अधिकार कोणाचा, हा वाद यात गुंतलेला होता. १९७३ च्या कायद्याने केंद्राने किनाऱ्यालगतच्या समुद्रावर हक्क सांगितला व १९७५ मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्याच वर्षी ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा होऊन स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. उद्यानात तेलासाठी वेधन व खाणकाम निषिद्ध ठरले. मासेमारी, पर्यटन व वाहतूक यांस मात्र विभागवार नियमांनी वाव ठेवण्यात आला. उद्यानाचा पहिला विभाग १९७९ मध्ये जाहीर झाला. १९८१ मध्ये मालिकेस व १९८८ मध्ये लगतच्या किनाऱ्यावरील वर्षावनांस जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्रफळ सु. ३,४४,४०० चौ. किमी. असून, २००४ मध्ये मासेमारीस पूर्ण बंदी असलेले क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते सु. ३३ टक्के करण्यात आले. त्यानंतर अशा क्षेत्रांतील काही भक्ष्य माशांची संख्या वाढल्याचे आढळले.

कायद्याने हद्दीच्या आतील उपद्रव आवरले. हद्दीबाहेरून येणारे मात्र त्याच्या आवाक्यात नव्हते. उसाची शेते व कुरणे यांतून वाहून येणारा गाळ आणि खतांचे अंश प्रवाळांना अपायकारक ठरतात. प्रवाळभक्षक काटेरी तारामाशांच्या उद्रेकांनाही खतांचे अंश पोषक ठरत असावेत, असे मानले जाते. याहून गंभीर संकट तापमानवाढीचे आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापले, की प्रवाळ आपल्या ऊतकांतील सहजीवी शैवले बाहेर टाकून पांढरे पडतात. ताण टिकल्यास ते मरतात. असे व्यापक विरंजन १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ या वर्षी झाले. २०१६ मध्ये उथळ पाण्यातील सु. ३० टक्के प्रवाळ नष्ट झाले. मासेमारी व वेधन यांस पूर्ण बंदी असलेल्या भित्तीही यातून सुटल्या नाहीत. दोन विरंजनांमधील अवधी कमी होत गेल्याने भित्तींना सावरण्यास पुरेसा काळ मिळत नाही. त्यामुळे त्यांचे भवितव्य स्थानिक नियमांइतकेच जगभरातील इंधनज्वलन किती घटते, यावरही अवलंबून आहे.